नवतप्यातला तागा

आज सकाळी ऑफिसला निघताना दाराच्या कडीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. ऊन अजून अंगणात पुरतं उतरलंही नव्हतं, पण कडी तापलेली. म्हटलं, आला बाबा नवतपा. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की ते नऊ दिवस आमच्या रायपूरला कुणी वाली नसतो. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, नळाला दुपारी पाण्याऐवजी चहाचं आधण येतं आणि सगळं शहर तोंडाला गमछा बांधून या दिवसांना शिव्या घालत फिरतं. मी घालत नाही. मला नवतपा आवडतो. असं म्हटलं की समोरचा मला ऊन लागलंय की काय अशा नजरेनं बघतो, पण त्याला माझा इलाज नाही.

शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात पूनम नावाची एक मुलगी नव्यानं लागली आहे. घरची मराठी, पण उत्तर हिंदीत देते. आज तिनं मला लिफ्टपाशी गाठलं. माझ्या अंगात साधा सुती कुर्ता होता. उभी कॉलर, कोपरापर्यंत बाह्या, कापडानं मढवलेली बटणं. ती मान तिरकी करून बघत राहिली. "दीदी, आपका ना एक अलग ही स्टाइल है. दूर से पता चलता है कि आप आ रही हो. ये कौन सा बुटीक है?"

मी म्हटलं, "तात्यापारा."

तिनं लगेच फोन काढून शोधायला घेतलं. बिचारी! त्या बुटिकात, म्हणजे तात्यापारा वस्तीतल्या माझ्या माहेरच्या घरात, पायानं चालवायचं एक शिलाई मशीन होतं, घरातल्या पुरुषांनी हात लावायचा नाही अशी एक कात्री होती आणि एकमेकींशी कशावरूनही न पटणाऱ्या तीन बाया होत्या, हे तिला फोनमध्ये कुठून सापडणार?

त्या तिघी म्हणजे आजी, आत्या आणि आई. आजी बाबांची आई. आजोबा गेल्यावर तिला रेल्वेत डबे धुण्याचं काम मिळालं आणि त्या कामावर तिनं दोन्ही लेकरं मोठी केली. आत्या बाबांची मोठी बहीण, सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आई वर्ध्याकडची, बोलायला मऊ आणि हट्टाला पक्की. बाबाही होते, पण ते गार्ड. अर्धं आयुष्य त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलं आणि घरी आले की आमच्या वादांपासूनही तेवढ्याच अंतरावर बसत.

दर उन्हाळ्यात, नवतपा लागायच्या जरा आधी, आजी आणि आत्या पंडरीच्या कापडबाजारात जायच्या आणि कापडाचा अख्खा तागा रिक्षात घालून आणायच्या. मीटरवर कापड घेणं आजीला मान्यच नव्हतं. वर्षभराचं चौघींचं जे काही शिवायचं ते त्याच एका ताग्यातून. आजीचं पोलकं त्यातलं, आत्याचे ब्लाउज त्यातले, आईचे आणि माझे ड्रेस त्यातले. उरलेल्यातून आई उशांचे अभ्रे आणि पडदे काढी. एकदा बाबांनी घाबरत घाबरत शर्टाचं विचारलं तर आजी म्हणाली, "तुले सरकार देते ना कपडे? मंग?"

तागा आला की पहिल्यांदा त्याला आटवायचं, म्हणजे शिवल्यावर कापड आकसत नाही. मोठ्या टबात पाणी भरून अख्खा तागा त्यात बुडवायचा आणि मग ओला, जड, निथळता तागा चौघींनी धरून खिडक्यांवर, दारांवर, मधल्या जिन्याच्या कठड्यावर टांगायचा. बाहेर लू भणभणत असे. ती त्या ओल्या कापडातून आत यायची तेव्हा गार झालेली असे, नव्या कापडाच्या कांजीचा वास घेऊन. आमच्याकडे कूलर बऱ्याच उशिरा आला, आणि आला तेव्हा मला त्याचं काहीच कौतुक वाटलं नाही. कारण कूलरच्या वाऱ्याला रंग नसतो. ताग्याला असायचा. ज्या वर्षी तागा हिरवा त्या वर्षी नवतप्यातली दुपार हिरवी, आमची तोंडं हिरवी, ताटातली पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताची, कांदा घातलेली बासीसुद्धा हिरवी. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या बायका खिडकीकडे बघूनच सांगत, "या साल इनके यहाँ पीला चलेगा."

अख्ख्या ताग्याचं हे वेड कुठून आलं, ते मला आजीनंच सांगितलं होतं. तिच्या लहानपणी, तिकडे गावात, त्यांच्या वस्तीतल्या बायांच्या अंगावर जे यायचं ते आधी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरून उतरायचं. विटलेलं, विरलेलं, कुणाच्या घामाचा वास मुरलेलं. नवं मागायची सोय नव्हती आणि घातलं तर गावाच्या डोळ्यांत खुपायचं. रायपूरला आली, पहिला पगार हातात पडला, तशी ती बाजारात गेली आणि दुकानदाराला म्हणाली, पूर्ण तागा दे, घडी न मोडलेला. "कोनाच्या अंगाले लागलं नाही असं कापड पायजे होतं मले," ती सांगायची. "पहिली घडी मीच मोडली." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो रुबाब असायचा तो मी नंतर मोठमोठ्या साहेबांच्या तोंडावरही पाहिला नाही.

आणि या ताग्याचा एक कायदा होता. कापड एक, पण एकीचं दुसरीसारखं दिसता कामा नये. दिसलं तर उसवायचं. आजी याबाबतीत कोर्टाच्या वर होती. आजीच्या बाह्या कोपरापर्यंत, सरळ, कारण तिच्या मते बाई हात वर करून काम करते तेव्हा कापडानं तिला अडवू नये. आत्या दिवसभर पांढऱ्या गणवेशात राहायची. घरच्या कपड्यांना तिला कडक उभी कॉलर लागे. "मान ताठ ठेवाले मदत होते," म्हणायची. आई बारीकसारीक गोष्टींतली. साध्या बटणाला ती त्याच कापडाचा तुकडा गुंडाळून असं मढवायची की ते बटण बघायला म्हणून लोक जवळ येत. एकीला दुसरीचं पसंत नसे. आजीला कॉलर म्हणजे हवालदाराचा थाट वाटायचा, आत्याला बटणं म्हणजे वेळेची नासाडी, आणि आई दोघींना काही न बोलता बटणं मढवत राही. मी मध्ये बसून टाचण्या गोळा करी. चांगलं दिसणं म्हणजे काय, यावरचं माझं सगळं शिक्षण त्या भांडणांत झालं.

माझं साक्षगंध ठरलं तेही नवतप्यातच. विदर्भाकडच्या आमच्या लोकांत साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. प्रबोध आणि मी एकाच कॉलेजात होतो, आम्हीच एकमेकांना पसंत केलं होतं, आणि घरच्यांना सांगायची हिंमत करायला आम्हाला जेवढे दिवस लागले तेवढ्यात लोकांची लग्नं होऊन पोरं चालायला लागतात. तोही आमच्याच समाजातला, बौद्ध. पण त्याचे वडील मोठ्या हुद्द्यावर होते, शंकर नगरला बंगला होता आणि त्याच्या आई अशा मराठीत बोलायच्या की आमच्या आजीला वाटे रेडिओ लागलाय. मला तो मुलगा हवा होता. अगदी हवाच होता. हे आत्ता लिहिताना लाजायचं काही कारण नाही.

त्या वर्षीचा तागा गर्द मरून होता. दुकानदार म्हणाला होता, "दीदी, एक बड़ा ऑर्डर था, उसी में का थान है, एकदम मजबूत माल." कसली ऑर्डर, हे एकीनंही विचारलं नाही. कापड दणकट, रंग पक्का, घडी कोरी. एवढं झाल्यावर आणखी काय विचारायचं?

तागा खिडक्यांवर वाळत होता, घर मरून झालं होतं, तेव्हा प्रबोधच्या आईंचा फोन आला. आईनं घेतला. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "हे बघा, आमच्याकडे साहेबांच्या ऑफिसातली मंडळी येणार. तुमच्याकडच्या बायकांनी जरा सिल्क वगैरे नेसलं तर कार्यक्रमाला शोभा येईल. नसेल तर संकोच करू नका, मी पाठवते."

आणि पाठवल्याच. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गाठोडं घेऊन दारात. तीन सिल्कच्या साड्या, इस्त्री केलेल्या, सुंदर. एकीच्या पदराला अत्तराचा मंद वास होता. म्हणजे नेसलेल्या होत्या. बाईंच्या स्वतःच्या. त्यांनी त्या चांगल्या मनानंच पाठवल्या असतील, पण आजीनं त्या पदरावरून हात फिरवला आणि तिचा हात तिथेच थांबला. मी तिच्याकडे बघितलं. माझं डोकंच फिरलं.

"मोडते मी हे लग्न," मी म्हटलं. "नाही करायचं मला."

"मोडाचं काहून?" आत्या म्हणाली. तिनं तोंडातल्या टाचण्यासुद्धा काढल्या नव्हत्या. "लग्न तू पोट्ट्याशी करून राहिली का सिल्कशी?"

"पण त्यांनी असं..."

"हव, केलं. मंग?"

आजीनं साड्यांची गाठ परत बांधली, होती तशी. "यायले काही करू नका," ती म्हणाली. "मी आपल्या हातानं परत देईन. आन आपन आपलंच घालून जाऊ. पोरगीबी देऊ आन मानबी ठेवू. दोन्ही होते." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच धसका बसला. कारण हे जमलं नाही, तिथे कुणी तोंड वाकडं केलं, एक जरी शब्द गेला, तर आत्याचं टाळकं सटकणार, आजी उठणार आणि प्रबोध तिकडेच राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला त्या तिघीही हव्या होत्या आणि तोही. कशातलं काही सोडायची माझी तयारी नव्हती.

मग साक्षगंधापर्यंतच्या त्या दिवसांत मी माझा ब्लाउज शिवला. साडी कुठली का असेना, ब्लाउज माझाच असणार होता. दुपारी फरशीवर ओलं फडकं फिरवून त्यावर पालथं पडायचं, कागदावर कापणी आखायची, खोडायची. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरात मशीनचा आवाज, पन्ह्याचा पेला, खडूची बोटं. मला माझं असं काही सुचेना. जे सुचे ते कुणाचं तरी निघे. शेवटी मी आजीच्या बाह्या घेतल्या, आत्याची कॉलर घेतली, आईची बटणं घेतली आणि घालून तिघींसमोर उभी राहिले. आता उसवा म्हणतात, या तयारीनं.

तिघींनी मला फिरवून फिरवून बघितलं. आत्या म्हणाली, "कॉलर माझी चोरली हिनं." आई म्हणाली, "बटणं माझी." कायदा कायदा होता. सगळे आजीकडे बघायला लागले.

"राहू द्या," आजी म्हणाली. "तिघीसारखं हाय, म्हनजे एकीसारखंबी नाही. हे हिचंच हाय."

आयुष्यात मला पुढे बक्षिसं मिळाली, बढत्या मिळाल्या, स्टेजवर बोलावून हार घातले. पण त्या वाक्यानं मला जे दिलं ते कुठल्याही हारानं दिलं नाही. मला कळलं की आपलं म्हणून जे काही असतं ते हवेतून पडत नाही. ते घेतलेलंच असतं. फक्त कुणाचं किती घ्यायचं आणि ते आपल्या अंगावर कसं बसवायचं, एवढं आपल्याला ठरवावं लागतं. पूनमला मी उद्या हेच सांगणार आहे, तिनं फोन खाली ठेवला तर.

साक्षगंधाच्या दिवशी आम्ही हॉलमध्ये शिरलो. आजी, आत्या, आई आणि मी, चौघी मरून, चौघी चार तऱ्हेच्या. साड्या साध्या, आपापल्या, पण वर ते दणकट मरून. दारातच प्रबोधच्या आई उभ्या होत्या. आजीनं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. "लय सुंदर हाईत बाई. तुमालेच शोभतीन," म्हणाली आणि पुढे गेली. मी मनात म्हटलं, पहिला गड सर.

आणि मग सरबताचे ट्रे घेऊन वाढपी बाहेर आले. सगळ्यांच्या अंगात जॅकेट. गर्द मरून. दणकट माल. ती बडी ऑर्डर कसली होती ते त्या क्षणी आम्हा चौघींना एकदम कळलं.

आईनं माझा दंड असा धरला की वळ उठले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झालीच होती. प्रबोधच्या एका काकूंनी हातातला रिकामा पेला सरळ आत्याच्या हातात दिला. "दीदी, इधर शरबत नहीं आया, जरा भेजना." मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आत्या भरलेला पेला घेऊन त्यांच्याकडे येत होती. तिनं तो त्यांच्या हातात दिला, शेजारची खुर्ची ओढली, ऐसपैस बसली आणि म्हणाली, "घ्या. थंडा हाय. मी पोरीची आत्या. तुमी कोन?" काकूंना तो घोट गिळता येईना आणि टाकताही येईना.

तेवढ्यात हॉलच्या मधोमध आजीचा आवाज उठला. तिनं मिशीवाल्या एका मुकादम वाढप्याला थांबवून त्याच्या जॅकेटची कड चिमटीत धरली होती. "अगं सुजाता," तिनं मला हाक मारली, "हे पाय! हे तं आपल्याच ताग्यातलं होय!" मग त्याच्या काखेकडे बघून, "आटवून नाही घेतलं ना बाप्पा? म्हनून काचून राहिलं तुले." तो माणूस आधी चपापला, मग इतक्या मोठ्यानं हसला की ट्रेमधले पेले खळखळले. "हव माताजी, बहुत काटता है!" सगळा हॉल हसला. आणि हसून झाल्यावर कुजबुजायला काही उरलंच नाही. लोक कोपऱ्यात दबक्या आवाजात जे बोलणार होते ते आजीनं आधीच मोठ्यानं बोलून टाकलं होतं. मी हॉलच्या मधोमध उभी होते आणि मला त्या म्हातारीचा इतका अभिमान वाटला की रडूच यायला लागलं.

पुढे रीतीप्रमाणे मुलाकडची साडी आली. मोरपिशी, भरजरी. ती नेसून मुलीनं परत येऊन बसायचं असतं. आतल्या खोलीत आईनं हळूच विचारलं, "त्यांनी सोनेरी ब्लाउज दिला हाय, तयार. तो घालतं का?" मी नाही म्हटलं. मोरपिशी सिल्क मी माझ्या मरून ब्लाउजवर नेसले. आरशात बघितलं आणि मीच एक पाऊल मागे सरले. ते दोन रंग जणू भेटायचेच राहिले होते. आत्या म्हणाली, "चाल आता. मान वर."

मी बाहेर आले. सगळ्या माना वळल्या, पण या बघण्यात वेगळं काही होतं, ते बाईमाणसाला कळतं. प्रबोध वेड्यासारखा बघत होता, त्याचं सोडा. त्याच्या आई उठल्या आणि माझ्याकडे चालत आल्या. आता बोलतील, आता सगळं इथेच संपेल. त्यांनी माझा खांदा धरून मला वळवलं. कॉलर चिमटीत धरून बघितली. बटणावरून बोट फिरवलं. मग बाहीची कड उलटून आतली शिवण बघितली, जशी ज्यांना शिवणातलं कळतं त्याच बायका बघतात.

"कुणी शिवलं हे?"

"मी," मी म्हटलं. "पण ह्या तिघींचं आहे."

त्यांनी आजीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. त्यांच्या खांद्यावरचं भारी सिल्क उकाड्यानं चिकटलं होतं, कपाळावर घाम होता. आणि त्या बोलल्या तेव्हा त्यांचं ते रेडिओवरचं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. त्या आवाजात त्यांच्या आईचं गाव होतं.

"माझी माय दुसऱ्यायचंच नेसत गेली वं," त्या आजीला म्हणाल्या. "नवं लुगडं तिले भेटलंच नाही कधी. मी मनात येवढंच घेतलं का आपल्या बाईमानसाच्या अंगावर सिल्कच पायजे. दुसरं मले काही सुचलंच नाही." मग त्या हट्टी पोरीसारख्या आत्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "पुढच्या ताग्यात माझंबी माप घ्या."

आत्यानं त्यांना वरून खालपर्यंत एकदा नीट बघितलं. टेप आणली नव्हती. तिनं खुर्ची मागे सरकवली, पदर खोचला आणि वीत पसरली.

"हात वर करा," ती म्हणाली.

आणि साहेबांच्या सगळ्या ऑफिसासमोर, भर नवतप्यात, माझ्या सासूबाईंनी दोन्ही हात वर केले.